हात लावू नये

“दिसतो तर माझाच,” काका म्हणाले, “पण वाजतोय कुणाचा?”

आवाज चढवला नाही, कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी आपला जुना बास मांडीवर घेतला होता आणि सगळ्यात जाड तार एका बोटाने ओढून सोडली होती. एक लांबलचक, घणघणीत, चकचकीत आवाज खोलीभर पसरला. तो संपेचना, तेव्हा त्यांनीच तारांवर तळहात ठेवून त्याला गप्प केलं आणि मान वर करून हे विचारलं. बासला केबल लावून देऊन तो, या खोलीचा मालक, समोर उभा होता. बावीस वर्षांत या खोलीत लोकांनी त्याला नाही नाही ते विचारलं होतं, बदल्यात माशांची टाकी चालेल का इथपर्यंत, आणि प्रत्येकाला द्यायला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. या वेळी मात्र त्याने आधी तारांकडे पाहिलं. नव्या, रुपेरी, खिडकीतला उजेड अंगावर घेऊन मिरवणाऱ्या. त्यानेच घातलेल्या.

धंदा त्याचा जुन्या बासचा. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. तिच्याबरोबर लागणारे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे खोके, आणि वाजवणाऱ्याच्या पायाशी असतात ती पेडलं, म्हणजे पायाने दाबायच्या लोखंडी डब्या, कुठली आवाज घोगरा करणारी, कुठली जाड करणारी, कुठली दाबून सपाट करणारी. एकाकडून घ्यायचं, साफसूफ करायचं, दुसऱ्याला द्यायचं. घराची पुढची खोली त्यासाठी दिलेली. बायको तिला ‘भंगारखाना’ म्हणायची आणि पाहुण्यांसमोर ‘ऑफिस’. या व्यवहाराची भाषा त्याला तोंडपाठ होती. ‘फारसा वापरलेला नाही’ म्हणजे भरपूर वापरलाय. ‘पोटच्या पोरासारखा जपलाय’ म्हणजे कुठेतरी तडा आहे. ‘नाइलाजाने विकतोय’ हे मात्र बहुधा खरं असतं, आणि असं सांगणाऱ्याशी तो कधी घासाघीस करत नसे. दर गुरुवारी दार लावून घ्यायचा आणि आलेल्या मालाचे आधी, जसाच्या तसा असताना, फोटो काढायचा; मग तारा उतरवायच्या, मानेवरचा, म्हणजे लांब दांड्यावरचा, मळ पुसायचा, लाकडाला तेल द्यायचं, नव्या तारा चढवायच्या आणि पुन्हा फोटो. त्याच्याकडचा माल स्वच्छ असतो असा लौकिक होता. आणि माणूस कितीही नाही म्हणाला तरी लौकिक कुणाला आवडत नाही?

काका सहा आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हाही याच खुर्चीत बसले होते. आयुष्यभर हॉटेलांत, सभागृहांत, दोन वर्षं बोटीवर, कुठल्या ना कुठल्या वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत उभं राहून वाजवलेला माणूस. बोलण्याचा आवाजही खालचाच, म्हणून त्याने मनातल्या मनात त्यांचं नाव खर्जकाका ठेवून टाकलं होतं. “बोटं ऐकत नाहीत आता,” ते म्हणाले होते. “आणि आमच्याकडे चाळीस वर्षं एकच मागणी आहे, ती धबधब बंद करा. म्हटलं, निदान म्हातारपणी तरी बायकोचं ऐकावं.” विकला गेला तर कळवा, घाई नाही, असं म्हणून बास ठेवून गेले. सोबत कापडी पिशवीत एक पेडल होतं, ती आवाज सपाट करणारी डबी. तिच्या नॉबवर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘हात लावू नये’. पुढच्याच गुरुवारी त्याने हात लावला होता. पट्टी सोलून काढली, खालचा चिकटा स्पिरिटने पुसला, नॉब गरागरा फिरवून खरखर घालवली. बासची मान इतकी घासली की काकांच्या अंगठ्याने पाडलेला तो काळसर डागही गेला. आणि तारा उतरवल्या.

त्या तारा काय होत्या हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच होतं? उलट, या गोष्टी कळणाऱ्या गावात त्याचं पहिलं घर. बासच्या गुळगुळीत चपट्या तारा जितक्या जुन्या होतील तितक्या मुरतात; त्यातली घणघण झडून जाते, आवाजाची शेपटी जाते, उरतो तो नुसता गाभा. अशा तारा जन्मभर न बदलणारी माणसं त्याला माहीत होती. आतलं काम ठीक चाललंय का हे बघायला त्याने तो बास तारा उतरवण्याआधी एकदाच वाजवला होता, आणि तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी भरलेली बादली अलगद खाली ठेवावी तसा आवाज आला होता. ऐकून हात क्षणभर थांबलाही होता. पण गुरुवार होता, पुढे आणखी तीन नग होते, आणि हाताला कुठे डोकं असतं? हात सवयीने चालतात.

“तारा बदलल्या मी,” तो म्हणाला. “विकायला ठेवताना बदलतो.”

“हो का,” काका म्हणाले. “बरं केलंत. जुन्याच होत्या. मुलगी दहावीला होती तेव्हा घातलेल्या, आणि आता तिची मुलगी दहावीला आहे.” नव्या तारेवरून त्यांनी बोट फिरवलं, गाठी आलेलं, थोडं वाकडं झालेलं बोट. “चांगल्या आहेत की. ठणठणीत.”

हे ‘बरं केलंत’ त्याला चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं. कुणी भांडलं असतं तर तोही भांडला असता. विकायला ठेवलेल्या वस्तूच्या तारा बदलू नयेत असं कुठे लिहिलंय, वगैरे. पण हा माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसावा तसा आपल्याच बासजवळ अवघडून बसला होता. मग काकांनी ज्यासाठी आले होते ते सांगितलं, खाली बघत, जणू चूक त्यांचीच आहे.

“विकला गेला नसेल तर परत न्यावा म्हणतो. त्याचं काय झालंय, हिला दुपारची झोप लागत नाही. म्हणजे तशी तक्रार नाही हं तिची. ती मला चांगलं कशाला म्हणेल? पण मी दुपारी जेवण झालं की तासभर बाहेरच्या खोलीत हळू वाजवत बसायचो, आणि ती आत भिंतीला पाठ लावून झोपायची. चाळीस वर्षं. आता शांतता आहे तर टक्क जागी. महिनाभर झाला, डोळ्याला डोळा नाही. रात्रीची झोप तर कधीच गेलेली, तिला ही दुपारचीच काय ती होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी चक्कर येते. आज म्हणाली, ‘तुम्ही आजकाल काहीच करत नाही.’ हे ऐकून मी निघालोच.” आणि मग, उठता उठता, “या तारांची सवय होईल हळूहळू तिला. नाही का?”

“उद्या दुपारी मी घरी आणून देतो,” तो म्हणाला. “होता तसा.”

“होता तसा?”

“होता तसा.”

बोलून गेला, आणि काका जिना उतरून रस्त्यावर दिसेनासे झाले तेव्हा त्याला जाणवलं की आपण काय बोलून बसलोय. टेबलाखाली तोडलेल्या तारांची पिशवी असते, ती त्याने जमिनीवर उपडी केली. तारा तोडूनच काढायच्या ही त्याची पद्धत. मधोमध पक्कड मारली की काम झटपट होतं. ढिगात हातभर लांबीचे पाचपन्नास तुकडे होते. त्यात चपटं, गुळगुळीत काही आहे का हे तो एकेक तुकडा बोटांत फिरवून बघत राहिला. फरशी गार होती. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. आणि हे तुकडे चाचपताना, का कोण जाणे, त्याला आपला स्वतःचा बास आठवला, ज्याचा विचार त्याने इतकी वर्षं शहाण्या माणसासारखा टाळला होता.

लग्नाच्या वर्षी विकला होता तो. भाड्याच्या खोलीची अनामत भरायची होती, सरळ हिशेब होता, आणि चौघा मित्रांचं ते वाजवणंही तोवर आपोआप बंद पडत आलं होतं. घेणारा सकाळी येणार म्हणून आदल्या दिवशी त्याने जुन्या तारा सोडवून नव्या चढवल्या. माणसाला चांगली वस्तू मिळावी, असं तेव्हा मनाशी म्हणाला होता. इतकी वर्षं तेच म्हणत आला. सफाईची सगळी शिस्त त्या दिवसापासूनची. आणि आता पन्नाशी ओलांडून फरशीवर बसला असताना त्याला स्वच्छ दिसलं की ते खरं नव्हतं. आपला आवाज दुसऱ्याच्या हातात जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. पुसून, घासून, निनावी करूनच त्याला ती वस्तू देववत होती. आणि मग जी वस्तू आली तिला त्याने तेच केलं, विचारलं नाही, कुणाला काय हवंय ते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याबरोबर त्या चोवीस वर्षांच्या पोराची दयाही आली, ज्याने तारा बदलताना एकदाही नाक ओढलं नव्हतं.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा मित्रांचं रेकॉर्डिंग त्याने त्यांना ऐकवलं होतं. डोळ्याला लावलेलं भिंग कपाळावर सरकवून ते म्हणाले, “यात तुझं कुठलं?” तो म्हणाला, “जे ऐकू येत नाही ते.” ते म्हणाले, “वा! म्हणजे घरी जे काम करतोस तेच.” मग थोडं ऐकून, “बंद करून दाखव बघू तेवढंच.” त्याने यंत्रावरचा खालच्या आवाजाचा नॉब शून्यावर नेला. गाणं चालूच होतं. वडील दचकून इकडेतिकडे बघायला लागले, कुणी खोलीतून उठून गेलंय का हे शोधत असल्यासारखे. “लाव, लाव परत,” म्हणाले. “घर रिकामं झाल्यासारखं वाटतंय.” त्याच्या वाजवण्याला आयुष्यात मिळालेली ही एकमेव दाद. ती इतकी वर्षं उराशी जपणाऱ्या माणसाला काकांच्या बायकोची झोप कळायला हरकत नव्हती.

ढिगात चपटा तुकडा एकही नव्हता. आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तोडायला घेतल्यावर त्या दिवशी बायको दारातून ओरडली होती, “अरे, त्या अख्ख्या दे! माझ्या शेंगा चढायला आल्यात.” बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करायची, दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावून घरी आली की गॅलरीत आपल्या कुंड्यांत रमायची. तिच्या वेलांना त्याच्या तारा लागत. सुतळी कुजते, तुझ्या तारा टिकतात, असं तिचं म्हणणं. तो धावतच गॅलरीत गेला. चारी होत्या. कुंडीपासून वरच्या गजापर्यंत ताणून बांधलेल्या, आणि चारींवर घेवड्याचा वेल असा काही चढला होता की तार दिसण्यापेक्षा आहे हे माहीत असावं लागत होतं.

बायको संध्याकाळी आली तेव्हा तो वेलासमोर स्टुलावर हात जोडल्यासारखा बसला होता. त्याने सगळं सांगितलं, काकांच्या त्या ‘बरं केलंत’सकट.

“आणि तू चिकटपट्टीसुद्धा काढलीस? ‘हात लावू नये’ लिहिलेली?”

“हो.”

“धन्य आहेस, भंगारशेठ. आमच्या लॅबमध्ये असतास तर नळ्यांवरची नावं पुसून रक्त चकचकीत करून ठेवलं असतंस.” पदर खोचून ती वेलाशी वाकली. “सरक. तुला नाही जमायचं. याला वळण असतं. ज्या दिशेने चढलाय त्याच्या उलट फिरवायचं, ओढायचं नाही. या तुझ्या गुळगुळीत तारांवरून तसाही घसरतच होता मेला.”

दोघं अंधार पडेपर्यंत सोडवत राहिले. तीन तारा निघाल्या. सगळ्यात जाड, ती काही सुटेना; तिच्यावर वेल दुहेरी पीळ घालून बसला होता आणि वर पांढऱ्या फुलांचा घोस लागला होता. तो म्हणाला, राहू दे, ही एक मी दुसरी कुठून तरी मिळवतो. बायकोने त्याच्याकडे बघितलं, आत जाऊन कात्री आणली आणि फुलांसकट तो वेल बुडापासून कापला. “शेंगा पुन्हा लागतील,” म्हणाली. “म्हातारीला झोप कधी लागायची?” फुलांचा शेंडा मात्र तिने टाकला नाही, पेल्यात पाणी घालून त्यात ठेवला. त्या क्षणी त्याला ती फार आवडली. काहीतरी करायचं म्हणून तो कोपऱ्यातल्या जाईच्या वेलाला आधार दिलेली एक काळी पडलेली तार चाचपायला गेला.

“ती नको,” बायको म्हणाली. “ती तुझी आहे.”

“माझी?”

“खोलीची अनामत भरलीस ना, तेव्हा तू उतरवलेल्या. तीन गंजून गेल्या. ही राहिली. तेव्हापासून प्रत्येक घरात हा वेल आणला की तीच बांधली.” त्याने वाकून पाहिलं. जाईचं खोड अंगठ्याएवढं जाड झालं होतं आणि तार त्याच्या सालीत शिरून आत गेली होती. खाली दिसत होती, वर दिसत होती, मधे लाकूडच. “आता निघायची नाही,” ती म्हणाली, जराशी दटावल्यासारखी, आणि काकांच्या तारा पुसायला तिने लॅबमधल्यासारखं स्पिरिट आणि कापूस आणला.

“हात लावू नको!” तो एवढ्याने ओरडला की शेजारच्या गॅलरीत कुणीतरी डोकावलं. मग दोघंही हसत सुटली, ती तर कठडा धरून. वेलाचा हिरवा चीक त्याने नुसत्या कोरड्या फडक्याने टिपला. पंचवीस-एक वर्षांचा मळ तारांवर तसाच राहिला, देवाची कृपा.

सकाळी त्याने नव्या तारा सोडवल्या, न तोडता, आणि जुन्या चढवल्या. टोकाला खुंटीभोवतीचे जुने वळसे होते, ते आपापल्या जागी बसले. पेडलच्या नॉबचं काय? त्यासाठी त्याचे ते सफाईआधीचे फोटो कामाला आले. पडद्यावर मोठा करून पाहिल्यावर पट्टीच्या कडेने नॉबची पांढरी रेघ दिसत होती, घड्याळातल्या अकराच्या किंचित अलीकडे. तिथे आणून त्याने नवी पट्टी लावली आणि वर लिहिलं, ‘हात लावू नये’, शक्य तितक्या टपोऱ्या अक्षरांत. मग वाजवून पाहिलं. बादली खाली ठेवली गेली. अगदी तीच की जराशी वेगळी, हे त्याला सांगता येईना; पाच-सहा आठवडे उन्हात काढल्या होत्या त्या तारांनी, आणि हा कान त्याचा होता, तिचा नव्हे. बास खांद्याला लावून, पेडल पिशवीत घालून तो निघाला.

काकांचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. जेवणं झालेली, भांडी पालथी घातलेली, आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. त्याने दाराशी बूट काढले. काकांनी तोंडावर बोट ठेवून त्याला आत घेतलं आणि आतल्या दाराकडे मान करून हळूच म्हणाले, “पडलीय. डोळे मिटून जागी.” पेडल हातात घेतल्यावर त्यांनी चिकटपट्टीकडे बराच वेळ पाहिलं.

“अक्षर हिचं नाही.”

“काकू... काकूंचं होतं ते?”

“मग काय माझं? माझ्या हाताला अशी वळणं कुठली.” ते हसले, आवाज न करता. “एकदा साफ करताना माझ्याकडून तो नॉब फिरला. मला काही फरक कळला नाही. ही आतून उठून आली, ‘हे आज काय लावलंय’ म्हणाली, आणि भिंतीपलीकडे जाऊन, परत येऊन, जाऊन, येऊन, स्वतः फिरवून जागेवर आणला. मग पट्टी लावली. मलाच सांगितलं होतं ते, हात लावू नका म्हणून. आणि तोंडाने काय, तर धबधब बंद करा.”

आपण पट्टी सोलली तेव्हा काय सोललं, ते आता कळलं. “चुकलं माझं,” तो म्हणाला. काकांनी ऐकलं न ऐकलंसं करून बास मांडीवर घेतला, मानेवर अंगठा ठेवला, डाग शोधत जरा मागेपुढे केला, आणि थांबला तिथे थांबला. छोट्या अँपचा दिवा लागला. मग ते वाजवायला लागले. काही विशेष नव्हतं. चार सूर खाली, चार वर, मधे थांबून पुन्हा, बोटं दुखतात म्हणून सावकाश. तो आतल्या दाराकडे बघत उभा होता. काका दाराकडे बघत नव्हते, पण त्यांचे कान तिकडेच होते. दोन मिनिटं झाली. आत पलंग करकरला. काकांचं बोट अडखळलं, पण थांबलं नाही.

“अहो,” आतून आवाज आला, म्हातारा, चिडका, झोपेने जड झालेला. “जरा हळू की! माणसाला मेलं दोन घटका पडूही देत नाहीत.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. वाजवणं त्यांनी मुळीच हळू केलं नाही. थोड्या वेळाने आतून काहीच येईना, आणि मग एक संथ, खरखरीत घोरणं सुरू झालं. तो पुढे सरकला, तशी काकांनी मानेनेच त्याला जायची खूण केली आणि ओठांच्या ओठांत म्हणाले, “तुम्ही निघा. मला आता उठता यायचं नाही. थांबलो की उठते ती.”

बूट हातात घेऊन तो अनवाणी बाहेर आला आणि कडी न वाजवता दार ओढून घेतलं. बंद दारातून बास कानांना जेमतेम येत होता. तळपायांना मात्र येत होता, पहिल्या पायरीवर, दुसऱ्या पायरीवर, वळणापर्यंत. तिथे त्याने बायकोला फोन लावला. लॅबमधली यंत्रं मागे फिरत होती.

“काय झालं? झोपली का?”

“आधी ओरडली.”

“मग झोपली असणार,” बायको म्हणाली. “आणि तू का कुजबुजतोयस? तू कुठे आहेस?”

“जिन्यात,” तो म्हणाला. खिशात कालच्या नव्या तारा गुंडाळून ठेवल्या होत्या, खरखरीत, वेलाला धरायला चांगल्या. त्या आज संध्याकाळी बांधू, असं त्याने तिला सांगितलं, पुन्हा कुजबुजतच, आणि बूट न घालता तिथेच पायरीवर टेकला.